वजा मावशी

दुपारी पावणेतीनला, डबा खाऊन, हात धुऊन आणि सवयीने पुन्हा एकदा धुऊन ती पडद्यासमोर येऊन बसली, तेव्हा मावशीच्या आलेखावर एक नाव लिहिलेलं होतं. तिथे नाव असायचं काही कारण नव्हतं. चौतीस वर्षांत मावशीच्या आलेखावर कधी कुणाचं नाव आलं नव्हतं. तिथे असायची एक सपाट रेघ आणि मध्याच्या जरा पुढे एक बुटका उंचवटा, इतका बुटका की प्रयोगशाळेत सगळे त्याला मावशीची शिंक म्हणत. जुन्या यंत्राला तो दिसायचा, पण कशाचा आहे ते सांगता यायचं नाही. महिन्याभरापूर्वी आलेलं नवं यंत्र मात्र चोंबडं होतं. दिसेल त्या टेकडीखाली ते नावाची पाटी लावून मोकळं व्हायचं. आणि मावशीच्या शिंकेखाली त्याने लावलेली पाटी तणनाशकाची होती. त्याच तणनाशकाची, जे ती चौतीस वर्षं किनाऱ्यावर वाहून आलेल्या मेलेल्या जनावरांच्या यकृतात शोधत आली होती. तिला आधी वाटलं, नळी नीट धुतली गेली नसेल. तिने ती धुतली. मावशीचा नवा तुकडा काढून, वाटून, गाळून पुन्हा चालवला. पाटी जागच्या जागी. मग तिने मांस न घालता नुसतं द्रावण चालवून पाहिलं. रेघ अशी सपाट आली की डोळ्यांत पाणी यावं. म्हणजे द्रावण स्वच्छ, नळी स्वच्छ, तिचे दोन-दोनदा धुतलेले हात स्वच्छ. जे काही होतं ते मावशीतच होतं. तिने टेबलाची कड धरली.

मावशी म्हणजे एक डॉल्फिन. ती नोकरीला लागली त्या वर्षी मरून किनाऱ्याला लागलेली, चांगली वयस्क मादी. तिचं यकृत तपासलं आणि त्यात काही आढळलं नाही, तेव्हा सर, म्हणजे त्या वेळचे प्रयोगशाळेचे प्रमुख, हरखून गेले होते. अशा कामात कोरं जनावर मिळणं म्हणजे लॉटरी. कारण कुठलाही नमुना तपासताना त्याच्या शेजारी एक कोरा नमुना चालवावा लागतो, ज्यात काहीच नाही याची खात्री आहे असा. यंत्राची, रसायनांची, मांसाच्या चरबीची जी काही उगाचची कुरकुर असेल ती त्या कोऱ्यात दिसते आणि मग तेवढी वजा करायची. सरांनी ते अख्खं यकृत फॉइलच्या पुड्यांत बांधून फ्रीझरच्या सगळ्यात खालच्या खणात ठेवलं आणि तेव्हापासून प्रत्येक तपासणीत मावशीचा एक ग्रॅम खर्ची पडत आला. मावशी हे नाव कुणी दिलं ते आता कुणाला आठवत नाही. घरात एखादी मावशी असते, सगळ्यांच्या लग्नामुंजींत, बाळंतपणांत राबते आणि तिचं स्वतःचं काही आहे का हे कुणी विचारत नाही, तशातलंच ते. नोंदवहीत तीन रकाने असायचे. कच्चा आकडा, वजा मावशी, उरला तो खरा. हे रकाने तिने इतक्या वेळा भरले होते की बाजारात भाजीवाल्याने वजन केलं तरी तिच्या मनात यायचं, यातून मावशी वजा कर.

"ताई, झालं का पिल्लाचं?" दारातून नवी डॉक्टर म्हणाली. नवी म्हणजे आता तिलाही तीन वर्षं होत आली होती, पण सरांच्या खुर्चीत बसणारा माणूस अजून दहा वर्षं नवाच राहणार होता. पोर हुशार, बोलायला मोकळी, आणि ताईंच्या हातचं काम डोळे झाकून पुढे पाठवणारी. सोमवारी डॉल्फिनचं एक पिल्लू वाहून आलं होतं. दात फुटलेले नव्हते. पोट उघडलं तेव्हा आत फक्त आईचं दूध होतं, दह्यासारखं झालेलं. त्याने जन्मात एक मासा खाल्ला नव्हता. "कच्चा आकडा अकरा पूर्णांक सहा," ती म्हणाली. "बाप रे," डॉक्टर आत आली, "म्हणजे मर्यादेच्या वर." मर्यादा दहाची होती. दहाच्या वर गेलं तर वरच्या कचेरीला कळवावं लागे, समिती बसे, कालव्यांवरच्या फवारणीचा परवाना पुन्हा तपासला जाई. तसं गेल्या चौतीस वर्षांत एकदाही झालं नव्हतं. "मावशी किती?" डॉक्टरने विचारलं. "तीन पूर्णांक एक." "मग साडेआठ. मर्यादेच्या आत. पण वर सरकतंय हं ताई, मी तसा शेरा मारते." आणि ती वळली सुद्धा. एवढं सोपं होतं ते. पडद्यावरचं नाव डॉक्टरने पाहिलंच नव्हतं, कारण मावशीच्या आलेखाकडे कुणीच पाहत नसे. वजा करायच्या गोष्टीकडे कोण बघतो. तिने काही केलं नसतं, नुसती गप्प बसली असती, तरी काम झालं असतं. दोन महिन्यांनी निवृत्ती होती. डॉक्टरने निरोपाच्या भाषणाची तयारीही चालवली होती, आणि त्यात ताईंच्या स्वच्छ हातांबद्दल एक अख्खा परिच्छेद आहे असं सगळ्यांना आगाऊ सांगून ठेवलं होतं.

पण तिला काहीही कळण्याआधी तिच्या बोटांना कळलं होतं. तिची बोटं आपोआप कपाटाच्या खालच्या फळीकडे गेली, जिथे पहिली नोंदवही होती. निळ्या कापडाची, कडा झिजलेली. तिला ती उघडायची गरज नव्हती. पहिल्या पानावर काय आहे ते तिला पाठ होतं, आणि जे पानावर नव्हतं तेही पाठ होतं. तेवीस वर्षांची ती, उमेदवारीवर, सहा महिन्यांनी कायम करायचं की घरी पाठवायचं ते ठरणार. खिडकी उघडी, पंखा आवाज करणारा, कागदाच्या पट्टीवर सुईने काढलेला आलेख आणि सर चष्मा कपाळावर सरकवून तिला विचारताहेत, "हा उंचवटा कसला गं?" सर असं विचारायचे. त्यांना माहीत नसे तेव्हा ते खरंच विचारायचे, अगदी उमेदवाराला सुद्धा. आणि तिने सांगितलं, "चरबीचा आहे, सर." तिला माहीत नव्हतं. मात्र तिला शंका होती, कारण उंचवटा नेमका त्या जागी होता जिथे तणनाशक यायला हवं. जरा अलीकडे, जरा पलीकडे असता तर गोष्ट वेगळी. सर म्हणाले, "पुन्हा एकदा बघून घेतलंस?" ती हो म्हणाली. बघितलं नव्हतं. मग सरांनी नोंदवही तिच्यापुढे सरकवली आणि तिने वळणदार अक्षरात लिहिलं, आढळले नाही. त्या शाईचा वास तिला आत्ता, चौतीस वर्षांनी, जसाच्या तसा आला. माणूस इतक्या गोष्टी विसरतो. आईचा आवाज ती विसरली होती, पण ही शाई नाही.

कारण त्या दिवशी सकाळी बाबांनी विचारलं होतं. बाबा कालवे खात्यात फवारेवाले. पाठीवर पंप, हातात लांब नळी, आणि कालव्याच्या काठाकाठाने चालत पाण्यात माजलेल्या वेलींवर औषध मारायचं. ते त्याला औषधच म्हणत. तणाला मारायच्या विषाला औषध म्हणणारी माणसं भोळी नसतात, त्यांना रोज ते पाठीवर घ्यायचं असतं एवढंच. त्या आठवड्यात कालव्यात मासे उलटे तरंगले होते. लोक काठावर जमले, काहीबाही बोलले, कुणीतरी बाबांच्या पंपाकडे बोट दाखवलं. बाबा घरी आले ते जेवलेच नाहीत. दोन दिवस त्यांनी काही सांगितलं नाही आणि तिसऱ्या सकाळी, ती चपला घालत असताना, अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, "तुमच्याकडे कळत असेल ना गं, हे औषध कुठवर जातं ते?" ती बघते म्हणाली. आणि संध्याकाळी तिने उंबऱ्यातूनच सांगितलं, "बाबा, समुद्रापर्यंत नाही जात. मी स्वतः तपासलं. काहीसुद्धा नाही." बाबांनी तिच्याकडे पाहिलं. मग ते हसले, ताट मागितलं आणि दोन दिवसांचं जेवण एकदम जेवले. तिला वाटलं, आपण नोकरीला लागल्याचं आज सार्थक झालं.

पुढची अकरा वर्षं, म्हणजे निवृत्त होईपर्यंत, बाबा त्या एका वाक्यावर कालव्याकाठी चालले. निवृत्त झाल्यावरही ते वाक्य सुटलं नाही. पाहुणा येवो, शेजारी येवो, वीजमीटर बघणारा येवो, कुठूनही कुठेही निघालेलं बोलणं बाबा तिथे आणून सोडत. "आमच्या पोरीने मासा कापून बघितलाय. औषध समुद्रापर्यंत जात नाही. वाटेत विरून जातं." आणि ती स्वयंपाकघरातून ओरडायची, "मासा नाही बाबा तो!" "बरं, मासा नाही," बाबा पाहुण्याला सांगायचे, "पण कापला तिनेच." हा घरातला जुना विनोद होता, आई होती तोवर आईही त्यात सामील असायची. तिचं लग्न जमलं नाही, मग तिने जमवायचा नादही सोडला. आई गेली. बाबांचे केस गेले, कान गेले, हात थरथरायला लागले. दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले वयाने, आणि तिने ते लगेच मान्य केलं. वाक्य मात्र ठणठणीत होतं. घराला एक खांब असावा तसं ते उभं होतं आणि त्याला टेकून दोघं म्हातारी होत होती. आता एक्याऐंशी वर्षांच्या माणसाला जाऊन काय सांगायचं? की बाबा, ते विरलं नाही. ते वाहत गेलं, शेवाळात गेलं, माशांत गेलं, माशांतून आईत गेलं, आईच्या दुधातून दात न फुटलेल्या पिल्लात गेलं, आणि मी ते पहिल्याच दिवशी पाहिलं होतं. पिल्लाचं पोट उघडताना आलेला तो कोमट, आंबूस वास तिच्या नाकात परत आला आणि तिला वाटलं की आपण इथे, या पांढऱ्या फरशीवर, भोकाड पसरून रडावं. सत्तावन्न वर्षांच्या बाईने प्रयोगशाळेत भोकाड पसरायला काही हरकत नसावी. पण सवय नव्हती.

नोंदवह्या सव्वीस होत्या. चौतीस वर्षांत नऊशेच्या वर जनावरं, आणि प्रत्येकाच्या अंगातून तिने मावशी वजा केली होती. मावशी कोरी असती तर ती फक्त कुरकुर वजा होती. मावशी कोरी नव्हती, म्हणजे प्रत्येक जनावराच्या पोटातल्या विषातून तिने थोडं थोडं विष काढून बाजूला ठेवलं होतं, आणि बाबांच्या खात्याला, बाबांच्या नंतरच्या फवारेवाल्यांना, दर पाच वर्षांनी परवाना मिळत गेला होता. कच्चे आकडे शाबूत होते हीच काय ती देवाची दया. सरांची शिस्त. सर म्हणत, उरलेला आकडा हा आपलं मत असतं, कच्चा आकडा हा जनावराचा शब्द असतो, तो आधी लिहायचा. सरांचा दुसरा नियम खाडाखोडीचा होता. नोंदवहीत चूक झाली तर ती गिरवायची नाही, पांढरी करायची नाही, पान तर मुळीच फाडायचं नाही. चुकीवर एकच सरळ रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे अशी, आणि शेजारी बरोबर काय ते लिहून सही करायची. एकदा एका उमेदवाराने आकडा खरवडून काढला तेव्हा सर, जे कधी आवाज चढवत नसत, म्हणाले होते, "चुकलास हे मला चालेल रे. कुठे चुकलास ते लपवलंस तर पुढचा माणूस त्याच खड्ड्यात पडेल." सर जाऊन चार वर्षं झाली. तिने मारलेल्या थापेवर त्यांची सही होती.

तिने डॉक्टरला हाक मारली. डॉक्टर आली, पडद्याकडे पाहिलं, मग जवळ जाऊन पाहिलं, मग स्टूल ओढून बसली. ती म्हणाली, "ताई, त्या काळी यंत्रच तेवढं होतं. त्याला नाव सांगता येत नव्हतं, तर तुम्ही तरी काय करणार? आपण लिहू ना, आज नव्या यंत्राने निदर्शनास आलं. कुणाचा दोष नाही." पोरगी मनाने चांगली होती. तिने ताईंसाठी एवढी रुंद वाट करून दिली होती की डोळे मिटून चाललं तरी पार होता येईल. "यंत्राला येत नव्हतं," ती म्हणाली, "मला आलं होतं." "म्हणजे?" "मला शंका आली होती. सरांनी विचारलं आणि मी चरबी म्हणून सांगितलं. पुन्हा न बघता बघितलं म्हणाले." डॉक्टर तिच्याकडे पाहत राहिली. ज्यांच्याविषयी भाषण लिहून तयार आहे त्यांच्याकडे असं पाहायची वेळ तिच्यावर पहिल्यांदाच आली असावी. "हे लिहायची काही गरज नाही हो ताई," ती हळूच म्हणाली, "तुमचं नाव जाईल." "माझं नाव कुठे आहे? सगळे ताईच म्हणतात," ती म्हणाली, आणि दोघींना हसू आलं, आणि हसताना तिचा चेहरा एकदम वाकडा झाला, आणि डॉक्टरने उठून तिच्या खांद्यावर हात ठेवला. "भाषण बदलावं लागेल तुला." "बदलेन की. मग आता वजा काय करायचं?" "काही नाही. कोरं शोधायचं. सापडेपर्यंत काहीच वजा करायचं नाही." निळी नोंदवही तिने उघडली. स्वतःचं तेवीस वर्षांचं अक्षर तिला एखाद्या शहाण्या, चुणचुणीत, खोटं बोलणाऱ्या पोरीचं वाटलं आणि तिचा रागही आला, दयाही आली. पट्टी धरून तिने आढळले नाही या शब्दांवर एक रेघ मारली. शेजारी लिहिलं, आढळले. उंचवटा तेव्हाही दिसला होता. मी चौकशी केली नाही, केली असे सांगितले. सही. तारीख. मग पिल्लाच्या पानावर आली आणि वजाच्या रकान्यात शून्य घालून पुढे अकरा पूर्णांक सहा लिहिलं. पिल्लाचा शब्द. डॉक्टरने तिच्यादेखत तो वर कळवला.

ती चालत निघाली. एरवी बस घ्यायची, आज पाय म्हणाले चालू. रस्त्याच्या कडेला पालिकेचा माणूस फुटपाथच्या फटींतल्या गवतावर पंपाने काहीतरी मारत होता, रुमाल तोंडाला बांधून, आणि त्याच्या मागून शाळेतून सुटलेली मुलं त्या ओल्या फरशीवरून चालली होती. तिच्या डोळ्यांपुढे बाबा आले, कामावरून परत येणारे. घरात शिरायच्या आधी मागच्या नळावर जायचे. सगळे कपडे तिथेच उतरवायचे, वेगळ्या बादलीत, त्या बादलीला आईनेसुद्धा हात लावायचा नाही. मग साबण लावून कोपरापर्यंत हात धुवायचे, एकदा, दोनदा, तीनदा, मग अंघोळ. ती पाच-सहा वर्षांची असेल, धावत जाऊन पायाला मिठी मारायला निघायची आणि ते इतक्या जोरात ओरडायचे, "लांब! लांब हो!", की तिला रडू फुटायचं. आई म्हणायची, तुझ्या बाबांना स्वच्छतेचं वेड आहे, लाटसाहेबच लागून गेलेत. ती टॉवेल घेऊन दारात उभी राहायची. हात पुसून झाले की मग मिठी. हे वेड तिने पुढे स्वतःही उचललं, दोनदा हात धुण्याचं, आणि प्रयोगशाळेत तिच्या स्वच्छ हातांचं कौतुक झालं. घरात कुंड्या होत्या. कुंड्यांत तण यायचं. बाबांनी जन्मात एकदाही खात्यातलं औषध घरी आणलं नाही. खात्यातले बाकीचे बाटल्या भरभरून न्यायचे, फुकट होतं. बाबा चमच्याने तण उकरायचे. ती फुटपाथवर थांबली. मागून येणारा कुणीतरी तिच्यावर आदळला, चुकचुकला आणि पुढे गेला. ज्या माणसाला औषध वाटेत विरतं असं वाटतं, तो पोरीला लांब हो म्हणून ओरडत नाही. ते वाक्य मिळाल्यानंतरची अकरा वर्षंही तो नळावर तीनदा हात धूतच होता.

बाबा बाल्कनीत छोट्या स्टुलावर बसले होते, कुंडी दोन्ही पायांच्या मध्ये धरून, आणि थरथरत्या हाताने चमचा मातीत खुपसत होते. "आज उशीर," ते म्हणाले. ती पिशवी न ठेवताच दारात उभी राहिली. कान गेलेल्या माणसाला मोठ्याने सांगावं लागतं, आणि काही गोष्टी मोठ्याने सांगायच्या नसतात. ती खाली त्यांच्याजवळ फरशीवर बसली आणि त्यांच्या कानाशी म्हणाली, "बाबा, ते कोरं नव्हतं."

"काय कोरं नव्हतं?"

"तो मासा. मी पहिल्यांदा तपासलेला."

"मासा नाही ना तो," बाबा म्हणाले.

तिला हसावं की रडावं कळेना. "त्यात तुमचं औषध होतं. तेव्हाच होतं. मी बघितलं होतं बाबा, आणि चरबी आहे म्हणून सांगितलं."

चमचा थांबला. बाबांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं, आणि ती ज्या नजरेला घाबरली होती ती नजर तिथे नव्हती. नुसतं आश्चर्य होतं. "तू बघितलं होतंस?" ते म्हणाले. "मला वाटलं, तुला सापडलं नाही."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?"

"कालव्याचं पाणी दुसरं जाणार कुठं, पोरी." त्यांनी चमच्याने मातीचं एक ढेकूळ फोडलं. "मी तीस वर्षं त्याच्या कडेने चाललोय."

"मग सगळ्या जगाला सांगत का फिरलात? त्या मीटरवाल्याला सुद्धा!"

बाबा म्हणाले, "निम्मं तुझ्या कौतुकापायी. तुझा पहिला निकाल होता, धावत घेऊन आली होतीस." चमच्याची मूठ त्यांनी अंगठ्याने पुसली. "निम्मं नोकरीपायी. सोडून जाणार कुठं होतो? कुणीतरी जात नाही असं सांगायला हवं होतं, तू सांगितलंस. आणि तू गं? माझ्यापायी?"

हो म्हणणं सोपं होतं. म्हाताऱ्याला बरंही वाटलं असतं. पण आज एकदा रेघ मारल्यावर पुन्हा तसं बोलायला तिची जीभ वळेना. "निम्मं तुमच्यापायी," ती म्हणाली. "निम्मं कायम व्हायचं होतं म्हणून."

"बापावर गेलीस," बाबा म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले. तिने त्यांच्या गुडघ्यावर डोकं टेकवलं. चौतीस वर्षं दोघं एकाच वाक्याला दोन बाजूंनी धरून उभी होती, ते सोडलं तर दुसरा पडेल या भीतीने. आता ते खाली ठेवलं होतं, आणि हात मोकळे झाले तरी हलकं काही वाटत नव्हतं. पिल्लू मेलेलंच होतं.

"मग खोडलंस ते?"

"एक रेघ मारली."

"खालचं वाचता येतं का?"

"येतं. यायलाच हवं, तसा नियम आहे."

"मग बरं," बाबा म्हणाले. त्यांनी चमचा कुंडीत रोवला, तिच्या खांद्याचा आधार घेऊन उठले आणि मोरीकडे गेले. ती टॉवेल घेऊन दारात उभी राहिली. त्यांनी साबण लावून कोपरापर्यंत हात धुतले, एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा साबणाकडे गेलेला हात मध्येच थांबला. फेस फिरत फिरत जाळीतून खाली चालला होता. बाबा वाकून बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले, मग त्यांनी नळ बंद केला आणि ओलेच हात तिच्यापुढे धरले.

तिने टॉवेल बाजूला ठेवला आणि ते तसेच हातात घेतले.